अप्पांच्या पावलांचा खड्डा

आमच्या घरची एक गोष्ट पाहुण्यांना दाखवायची लाज वाटायची आणि लपवताही यायची नाही, कारण ती गावाबाहेर माळावर उघड्यावर होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःला पुरण्यासाठी जिवंतपणीच खणायला घेतलेला खड्डा.

हे ऐकून लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात, म्हणून आधीच सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, अंगाभोवती भस्म, मीठ आणि बेलाची पानं घालतात आणि बसलेलंच पुरतात. खड्डा त्या माणसाच्याच पावलांनी मोजायचा, टाचेला बोट लावून, लांबीला नऊ आणि खोलीला नऊ, असा आमच्या घराचा रिवाज. ज्याची जमीन काळी त्याला यात विशेष काही नाही. चार माणसं दोन-तीन तासांत खड्डा काढतात आणि हात धुऊन चहा पितात. आमचं शेत मात्र उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीकडच्या मुरमाड माळावर आहे. तिथे वर वीतभर माती, आणि तीही मुठीत घेतली तर निम्मे खडे. त्याखाली तांबूस मुरूम. त्याखाली कांद्यासारखी सालं सुटणारा खडक. आणि सगळ्यात खाली काळा फत्तर, ज्याचा तळ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. मी उदगीरच्या शाळेत शिकवते. भूगोलाच्या तासाला सांगते की हे सगळं एकेकाळी लाव्हा होतं, थरावर थर साचत गेलं. सांगताना दरवेळी मनात येतं की एवढं मोठं प्रकरण झालं आणि आमच्या वाटणीला हुलगा आणि मटकी आली.

करडईसुद्धा एखाद्याच साली यायची. बाकीचा माळ गुरांचा. कुसळी गवत, तरवड, एखादं हिवर. कार्तिकात माळावरून चालून आलं की लुगड्याच्या काठातून कुसळं काढत बसायचं हे आम्हा बायकांचं रोजचं काम.

अप्पांच्या डोक्यात खड्डा शिरला तो आजोबांमुळे. आजोबा चैत्रात गेले. मी तेव्हा नववीत होते. उन्हाळ्यात मुरूम कसा होतो हे ज्याने पहार मारून बघितलंय त्यालाच कळेल. सकाळी सातला खणायला लागले. पहार पडली की ठिणगी उडायची आणि माणसाच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. वर चार बोटं मुरूम निघायचा, तेवढ्यात माणूस बदलायचा. इकडे आजोबांना पडवीत भिंतीला टेकवून बसवलेलं, कपाळाला पट्टी बांधून. ऊन वाढत गेलं. बायकांनी ओलं कापड अंगावर घातलं, ते वाळलं, पुन्हा ओलं केलं. दुपारनंतर वास सुटला. मी लहान म्हणून मला शेजारी पाठवलं, पण वासाला शेजार-बिजार कळत नाही. शेवटी सूर्य कलताना मांडीएवढ्या खड्ड्यात आजोबांना बसवलं. डोकं वर राहत होतं, म्हणून मान वाकवावी लागली. मान वाकवताना जो आवाज झाला तो अप्पांनी ऐकला. त्यांनी त्याविषयी कधीही एक अक्षर काढलं नाही. आमच्याच एका चुलत्याने मला खूप वर्षांनी सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात, आर्द्रा सरून मुरूम नरम झाल्यावर, अप्पा पहार आणि खोरं घेऊन माळावर गेले. आजोबांच्या समाधीशेजारी उभं राहून टाचेला बोट लावत नऊ पावलं मोजली आणि खणायला लागले.

दरसाल पावसाळ्यात महिनाभर खणायचं, बाकी वर्षभर थांबायचं, असा त्यांचा हिशेब. कधी वीतभर खोली मिळायची, कधी चार बोटं. वर बोराटीच्या काट्या टाकून ठेवायचे. तरी एकदा आमचीच शेळी आत पडली. गावातल्या लोकांना तर फुकटची करमणूक झाली. पारावर बसलेले म्हणायचे, "काय अप्पा, किती राहिलं?" अप्पा गंभीरपणे सांगायचे, "अजून गुडघाभर राहिलंय." मग हशा व्हायचा. अप्पांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते खरोखरच कळायचं नाही. पेरणीचं जसं विचारतात तसं ते उत्तर द्यायचे.

अव्वाला, माझ्या आईला, या खड्ड्याचा मनस्वी संताप होता.

"जित्या माणसाचं मढं करून राहिलाव तुम्ही," ती म्हणायची. "मी कपाळाला कुंकू लावू का न्हाई, ते तरी सांगा."

"लाव की. खड्डा काय आज भरायलाय?"

अव्वा मांजरा नदीच्या काठची. तिच्या माहेरची जमीन अशी काळीभोर की पावसाळ्यात बांधावरून जाताना चप्पल हातात घ्यावी लागायची, नाहीतर चिखलाने ती ठेवून घेतलीच. सोळाव्या वर्षी ती या माळावर आली आणि तिने माळाला कधीच माफ केलं नाही. "आमच्याकडं ढेकळं फोडायला माणूस लागतंय, तुमच्याकडं माती हुडकायला," हे तिचं नेहमीचं वाक्य. तिच्या टाचा फुटल्या त्याही इथेच. पन्नासेक वर्षं खड्यांवरून चालून तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की हिवाळ्यात रक्त यायचं. सुट्टीत गेले की मी मेण आणि तेल गरम करून त्या भेगा भरायची. ती भिंतीला टेकून पाय माझ्या मांडीवर टाकून बसायची आणि डोळे मिटून माहेरचं काहीबाही सांगायची. हरभऱ्याचं, गव्हाच्या हुरड्याचं, विहिरीवरच्या मोटेचं. त्यातलं निम्मं मी शंभरदा ऐकलेलं.

अशाच एका संक्रांतीत तिने ते सांगितलं. तब्येत तशी बरी होती, नुसता दम लागायचा.

"बाई, एक ऐकशील? मला ह्या मुरमात बसवू नको."

"आता काय मध्येच?"

"मध्येच न्हाई. मी लई दिवस इचार करून राहिले. जिंदगी खड्यात गेली. मेल्यावर तरी बुडाखाली मऊ पाहिजे. मला काळीत घाल. आमच्या काळीत."

मी "हाव", म्हणजे हो, म्हणाले. टाचेत मेण भरता भरता, भाजी निवडताना म्हणावं तसं. मास्तरीण माणूस, दिवसाला पन्नास पोरांना हाव म्हणायची सवय. पण अव्वाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पाय काढून घेतला. "नीट म्हण," म्हणाली. मग मी तिचा हात हातात घेऊन नीट म्हटलं.

अप्पांचा खड्डा त्या पावसाळ्यात पुरा झाला. तळाला काळा फत्तर लागला, तोही बरोबर नवव्या पावलाला. अप्पांनी मला नेऊन दाखवला. कडा सरळ, तासल्यासारख्या. थर असे स्वच्छ दिसत होते की वर्गातली मुलं आणावीत असं वाटलं. अप्पा त्यात उतरले आणि मांडी घालून बसले. डोकं आत बुडून वर तीन हात जागा उरली. "झालं," म्हणाले. मला हुंदका आला आणि लगेच रागही आला. माणसाने इतकं समाधानी दिसावं का तिथे बसून?

त्यात पहिली गेली ती अव्वा.

वैशाखात, सकाळी, चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता. काठवटीत अर्धी थापलेली भाकरी तशीच, आणि ती भिंतीला टेकलेली. माझा धाकटा भाऊ शेत बघतो, त्याने मला फोन केला. उदगीरहून मी पोचेपर्यंत तिला आंघोळ घालून पडवीत बसवलं होतं, आजोबांना बसवलं होतं त्याच जागी. भिंतीवर आजोबांच्या डोक्याच्या तेलाचा डाग कधीचा निघून गेला होता, पण मला तो दिसला.

भाऊ म्हणाला, "अक्का, खड्ड्याची चिंता न्हाई. अप्पांचा हाय तयार."

मी म्हटलं, "तिला माहेरच्या काळीत घालायचंय. मी शब्द दिलाय."

सगळे एकदमच बोलायला लागले. मी कुणाचं ऐकलं नाही. मामाला, अव्वाच्या भावाला, फोन लावला. तो निघायच्या तयारीतच होता. माझं बोलणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "लेक दिली ती दिली. नवऱ्याचं रान असताना तिला परत आणून कुठं बसवायचं? लोक काय म्हणतील, सासरच्यांनी जागा दिली न्हाई? आन् रानात आता ऊस हाय. पाणी चालू हाय. खड्डा खणला तर हातभरावर वल लागंल."

मी फोनवरच ओरडायला लागले. काय काय बोलले ते आठवलं की आता मान खाली जाते. तिच्या वाटणीच्या जमिनीपर्यंत गेले. म्हातारा रडायला लागला. शेवटी म्हणाला, "जागा न्हाई देता यायची. माती घेऊन येतो. पाहिजे तेवढी आणतो."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला त्या शब्दातून निसटून जायचंही नव्हतं आणि पाळायला वाटही नव्हती. तेव्हा ही तडजोड देवाने पाठवल्यासारखी वाटली. अव्वाला काळीत नेता येत नाही तर काळीच तिच्याकडे आणायची. मला माझ्या हुशारीचा थोडा अभिमानही वाटला, हे लिहायलाच हवं.

दुपारी मामा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीभर काळी माती, वर गोणपाट. बांधावरची, उन्हात वाळलेली, ढेकळांची.

ट्रॉली माळावर उभी राहिली तेव्हा अप्पा पुढे आले. एक ढेकूळ उचलून त्यांनी बोटांनी चुरलं.

"बाई, मुरमात काळी घालू नको," ते म्हणाले. "खाली फत्तर हाय. काळी पाणी सोडत न्हाई. चिबडंल."

चिबड म्हणजे पाणी धरून सडणारी जमीन. शेतकऱ्याच्या मुलीला हे सांगावं लागू नये. पण मी त्या वेळी शेतकऱ्याची मुलगी नव्हतीच. सगळ्या गावासमोर मी अप्पांना म्हणाले, "जिंदगीभर तुमच्या खड्यात ठेवली तिला. आता तरी तिच्या मनासारखं होऊ द्या."

अप्पांनी हातातली माती धोतराला पुसली आणि बाजूला झाले. पूजेला आलेल्या स्वामींना मी विचारलं, यात काही दोष आहे का. ते म्हणाले, माती ती माती, दोष कसला. खरं तर मी विचारायला हवं होतं ते अप्पांना, आणि त्यांनी उत्तर आधीच दिलं होतं.

अव्वाला उतरवायच्या आधी अप्पा खड्ड्यात उतरले. कुणाला कळेना काय करतायत. ते उकिडवे बसून हाताने तळ झाडत होते. बारीकसारीक खडे वेचून धोतराच्या ओच्यात टाकत होते. बराच वेळ. स्वामी घड्याळाकडे बघायला लागले तरी ते वर येईनात. मग ओचा भरून खडे घेऊन वर आले आणि लांब जाऊन टाकून आले.

खड्डा अप्पांच्या पावलांचा. अव्वा आधीच लहानखुरी, शेवटी तर मुलीएवढी झाली होती. ती त्यात बसली तेव्हा चारी बाजूंनी एवढी जागा उरली की तिला धरून ठेवावं लागलं. तिचं इष्टलिंग हातावर ठेवलं, भस्म, मीठ आणि बेल घातला. मग मी म्हटलं, आता नुसती काळी. भावाने आणि मामाने खोऱ्याने ट्रॉली रिकामी केली. खणताना निघालेला सगळा मुरूम अप्पांनी शेजारी ढीग करून ठेवला होता, चाळून, मोठा वेगळा, बारीक वेगळा. त्याला कुणी हात लावला नाही. वरचा उंचवटा मी स्वतः थापून गोल केला. तांबड्या माळावर तो काळा ढिगारा उठून दिसत होता. तिथून परतताना मला वाटलं, माझ्या हातून एक तरी गोष्ट नीट झाली.

महिना-दीड महिना बरा गेला. मृगाने फसवलं, पण आर्द्रात सलग चार दिवस पाऊस झाला. पाचव्या दिवशी भावाचा फोन आला.

"अक्का, येऊन जा जरा."

"काय झालं?"

"अव्वाची समाधी बसली. अप्पा ऐकून न्हाई राहिले. भिजत्यात."

मी शाळेतून तशीच निघाले. माळावर पोचले तेव्हा भुरभुर चालू होती. मी थापलेला उंचवटा गेला होता. त्याच्या जागी नऊ पावलं लांब तळं होतं, काळ्या राडीचं. फत्तराचा तळ आणि मुरमाच्या तासलेल्या कडा, असं ते भांडंच होतं, आणि भांड्यात मी चिखल भरून ठेवला होता. काळी फुगली होती, मग ढासळली होती, आणि वरून येणारं पाणी धरून बसली होती. मुरूम घातला असता तर पाणी आत शिरून कडेने निघून गेलं असतं. बुडबुडे येत होते. वास येत होता. तो वास मला नववीपासून ओळखीचा होता.

अप्पा खालच्या उताराला होते. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात पहार. ते बाहेरच्या बाजूने चर खणत होते, अरुंद, समाधीच्या कडेला जमेल तेवढा खोल भिडणारा, म्हणजे पाण्याला वाट होईल. सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस. तीन दिवस खणत होते. भाऊ मदतीला होता, पण अप्पा पहार सोडत नव्हते.

मी जवळ गेले. मला वाटलं, आता बोलतील. मी सांगितलं होतं, म्हणतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "बाई, छत्री आणली का? मग तिच्यावर धर. माझ्यावर नको."

मी त्या राडीवर छत्री धरून उभी राहिले. एका छत्रीने काय होणार होतं? पण मी तास-दीड तास धरली. समोर माझी आई पाण्यात बसलेली होती, गळ्यापर्यंत की डोक्यावरून, मला माहीत नव्हतं. ती मऊ मागत होती. मी तिला मऊ दिलं होतं. मोठ्याने रडायला लागले तर भाऊ म्हणाला, "अक्का, गप. अप्पांचा हात थांबतोय."

चर फुटला तेव्हा पहिल्यांदा काळं पाणी आलं. अप्पा त्याच्या आड उभे राहिले, मला दिसू नये म्हणून. पण पाणी पायाखालून जात होतं. ते पुढे तरवडाच्या झुडपांत गेलं आणि मुरमाने पिऊन टाकलं.

त्यानंतर अप्पांना ताप आला. त्यातून उठले, पण उजवा खांदा गेला. पहार उचलता येईना.

पावसाळा संपला, थंडी गेली, ऊन लागलं. मग काळीने दुसरा रंग दाखवला. वाळली तशी आकसली आणि तडकली. समाधीवर भेगा पडल्या, आधी बोटभर, मग हात आत जाईल एवढ्या. होळीला गेले तेव्हा मी वाकून एका भेगेत बघितलं. आत अंधार होता आणि गार हवा येत होती. मी हात घातला नाही. घालावासा वाटला, पण धीर झाला नाही.

अप्पा शेजारी येऊन बसले. डाव्या हातात टोपलं, त्यात चाळलेला बारीक मुरूम. मूठ मूठ घेऊन ते भेगेत सोडू लागले. खडे खाली जाताना सळसळ आवाज यायचा, मग बंद व्हायचा.

"काळीनं भेग भरत न्हाई," ते म्हणाले. "ती परत तडकती. मुरूम बसला की हलत न्हाई."

मी पण मूठ घेतली. टाचेच्या भेगा भरताना ती हायहुय करायची, पाय ओढून घ्यायची, मग हसायची. इथे काहीच नाही. आम्ही दोघं दुपारभर भरत होतो. दोन टोपली गेली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढीच गेली, कारण नव्या ठिकाणी तडे गेले. म्हणजे शेवटी, थोडी थोडी करून, ती मुरमातच बसतेय. मी दिलेला शब्द दर उन्हाळ्यात माझ्याच हाताने मुठीमुठीने मोडतेय, आणि न मोडावा तर तिच्या डोक्यावर ऊन जातं.

अप्पांकडे आता खड्डा नाही. हे घरात कुणी उच्चारत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात आहे. भावाने एकदा जेवताना विषय काढला. म्हणाला, "मशीन बोलावतो. ब्रेकर लावला की अर्ध्या दिवसात काम."

"मशीननं कडा फुटतेत," अप्पा म्हणाले. "कडा फुटल्या की चौकडून पाणी शिरतंय. राहू दे."

"मग कोण खणंल? तुम्ही?"

अप्पा भाकरी कुस्करत राहिले. त्यांचा उजवा हात घासाला वर जाताना मध्येच थांबतो, तसा थांबला.

गेल्या पावसाळ्यात मी चार दिवस रजा टाकून गेले. अप्पा आता अंगणापुढे जात नाहीत. बाजेवर बसून माळाकडे बघतात. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बस जरा."

बसले.

"मला तिच्या शेजारी. खाली उताराच्या बाजूला. म्हणजे वरून पाणी आलं तर आधी माझ्याकडं यावं." दम घेतला. "आन् आत नुसता मुरूम घाल. काळी नको. घालशील का?"

मला हाव म्हणता आलं नाही. एवढासा शब्द, एकदा म्हणून बघितला होता. अप्पा वाट बघत होते. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी खाली बघितलं तर त्यांच्या चपला दिसल्या, बाजेखाली, एकीचा अंगठा शिवलेला.

मी त्यातली उजवी उचलली. कोपऱ्यातली पहार घेतली, खोरं घेतलं आणि माळावर गेले. अव्वाच्या खालच्या बाजूला, चराच्या पलीकडे, चप्पल जमिनीवर ठेवून टाचेला बोट लावत मोजत गेले. नऊ झाल्यावर दोन्ही टोकांना खडे ठेवले. पाऊस दोन दिवसांपूर्वी पडून गेला होता, मुरूम जेवढा नरम व्हायचा तेवढा झाला होता. मी पन्नाशीच्या पुढची बाई, खडू धरणारा हात. पहिली पहार मारली ती खण्णकन वाजून उलटी आली, दुसरी तशीच. तिसरीला सुपारीएवढा खडा निघाला.

संध्याकाळपर्यंत चार बोटं खोल गेलं. हाताला फोड आले आणि फुटले. घरी आले तेव्हा अप्पा बाजेवर तसेच बसलेले होते, एक पाय अनवाणी. मी चप्पल त्यांच्या पायात घातली.

"किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

"लई राहिलंय, अप्पा," मी म्हटलं. "थांबा तुम्ही."